दोघांचा आठवड्याचा भाजी-किराणा हजाराच्या आत कसा बसवावा? (फ्रिज नाही, पाणी खारं)

खोली_नंबर_चार

नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यात खारपाणपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी आम्ही दोघं मित्र खोली करून राहतो. वय बावीस-तेवीस, नोकरी नुकतीच लागलेली. दोघांचा मिळून आठवड्याला भाजी-किराण्यावर दीड हजाराच्या आसपास खर्च होतो. तो हजारात आणायचा आहे, पण पोटाला चिमटा न काढता. फ्रिज नाही. एक शेगडी, 5 किलोचं छोटं सिलिंडर, तीन लिटरचा कुकर आहे.

गेल्या रविवारी सकाळी आठवडी बाजारात केलेली खरेदी अशी: आलू दोन किलो, कांदे एक किलो, भेदरे (टोमॅटो) एक किलो, वांगे एक किलो, भेंडी अर्धा किलो, फुलकोबी एक, मेथीच्या दोन जुड्या, सांबाराची (कोथिंबिरीची) एक जुडी, हिरवी मिरची पाव. किराण्यात पाकिटाचा आटा 5 किलो, तांदूळ दोन किलो, आणि मग रोज लागेल तसं कोपऱ्यावरच्या दुकानातून तेल अर्धा लिटर, तूरडाळ पाव किलो, तिखट-हळदीच्या पुड्या. मेथी मंगळवारी पिवळी पडली, भेदरे बुधवारी पाणी सुटून गेले, गुरुवारपासून भाजीच नाही म्हणून दोन दिवस बाहेरून आणून खाल्लं.

नेमकं कुठं चुकतं ते सांगा. "काटकसर करा" असं मोघम नको, किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कसं ठेवायचं ते हवं आहे.

---

तराजू_काटा

भाऊ, तुमची यादी वाईट नाही. चूक वेळेची आहे. जे महिन्याने घ्यायचं ते तुम्ही रोज घेता आणि जे दोन दिवसांत संपवायचं ते सात दिवसांसाठी घेता. भाजीचं दुसरे सांगतील, मी किराण्याचं सांगतो.

तेलापासून सुरू करा. सोयाबीनचं एक लिटर तेल वजनात साधारण 910 ग्रॅम भरतं. दुकानात शेजारी-शेजारी लटकलेल्या पाकिटांत एकावर 1 लिटर असतं, दुसऱ्यावर 850 ग्रॅम, तिसऱ्यावर 750 ग्रॅम, आणि तिन्ही दिसायला सारखीच. म्हणून किंमत बघू नका, किलोचा दर काढा. समजा लिटरचं पाकीट 130 ला आहे, तर 130 भागिले 0.91, म्हणजे 143 रुपये किलो. शेजारचं 850 ग्रॅमचं 125 ला आहे, तर 125 भागिले 0.85, म्हणजे 147 रुपये किलो. पाच रुपयांनी स्वस्त दिसणारं पाकीट महाग निघालं. मोबाइलमध्ये हा हिशोब दहा सेकंदांचा आहे. पुढे कधी चार खोल्यांनी मिळून डबा घ्यायचं ठरवलं तर डब्यावर 15 किलो लिहिलंय की 15 लिटर ते आधी वाचा. 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वरच असतं. सुटं तेल घेऊ नका. त्यात कशाची भेसळ आहे ते डोळ्यांनी कळत नाही, आणि खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे.

आता किती लागतं ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या ताटाला दिवसाला 27 ग्रॅम तेल धरलंय. म्हणजे चहाचे सहा चमचे. दोघांचं दिवसाला 54 ग्रॅम, म्हणजे लिटरभर तेल 16-17 दिवस पुरलं पाहिजे. बाटलीवर पेनाने रेघा मारा, आठवड्याला एक. रेघेच्या खाली गेलात की फोडणीत कढईतच बाटली उलटी करताय असं समजा. चमच्याने घाला.

डाळीचंही तसंच. त्याच हिशोबात डाळ-कडधान्य-अंडी मिळून माणशी 85 ग्रॅम, म्हणजे दोघांना महिन्याला पाच किलो. पाव-पाव घेताना किलोच्या भावावर दोन-चार रुपये जास्तच पडतात. पण खरा तोटा वेगळा आहे. रोज दुकानात गेलं की डाळीसोबत बिस्किटाचा पुडा, फरसाण, थंड पेय येतंच. महिन्याची यादी अशी करा: तूरडाळ दोन किलो, मूग किंवा मसूर एक, हरभरे आणि बरबटी (चवळी) मिळून दीड, सोयाबीन वड्या अर्धा किलो. सोयाबीन वडीत 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. दोघांच्या एका भाजीला कोरड्या 50 ग्रॅम वड्या पुरतात, म्हणजे अर्धा किलोत दहा भाज्या. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा, ते पाणी फेका, मगच फोडणीत टाका. न पिळता टाकल्या की उग्र वास राहतो आणि मग माणूस वडीचं नाव काढत नाही.

पाकिटाचा आटा सोडा. लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या आटा, तांदूळ, डाळीवर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. वर पाकिटाचा, जाहिरातीचा खर्च वेगळा. गहू घेऊन चक्कीवर द्या. दळण गरम-गरम डब्यात भरू नका, आतून घाम सुटतो, गोळे होतात, वास लागतो. कापडावर पसरून थंड होऊ द्या, मग भरा. ज्वारी दळायची तर दोन किलोच्या वर दळू नका. आठ-दहा दिवसांनी पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकर थापताना फुटते.

उलट एक गोष्टही सांगतो, कारण मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असं नाही. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडते. तिथे पुडीच घ्या. पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅममागचा किंवा मिलीमागचा दर छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा.

---

माठातली_भाजी

भाजीचं मी सांगते. फ्रिज नसेल तर भाजी घ्यायची ती संपण्याच्या क्रमाने. रविवार-सोमवार पालेभाजी. मंगळवार-बुधवार भेंडी, वांगे, दोडके, ढेमसे (टिंडे). गुरुवारी फुलकोबी किंवा पानकोबी. शुक्रवार-शनिवार आलू, कोहळं (लाल भोपळा), नाहीतर बेसन, वड्या, कढी, कडधान्य. तुमच्या यादीत पहिल्या तीन दिवसांत मरणारा माल आहे मेथी, सांबार, भेंडी, भेदरे, आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी फक्त आलू. म्हणून गुरुवारी चूल विझते.

दोघांसाठी आठवड्याला: पालेभाजी दोनच जुड्या, भेंडी नाहीतर ढेमसे अर्धा किलो, वांगे अर्धा, पानकोबीचा लहान गड्डा, कोहळ्याची किलोभर फोड, आलू दीड किलो, कांदे दीड किलो, भेदरे अर्धा किलो. वांगे किलोभर नको, चौथ्या दिवशी आतून काळे होतात आणि बी कडक होतं.

भेदरे घेताना सगळे लाल घेऊ नका. निम्मे लाल, निम्मे पिवळसर-कच्चे घ्या. देठाची बाजू खाली करून एका थरात ठेवा, एकावर एक रचू नका. खालचा दबला की त्याचं पाणी सगळ्यांना लागतं. तुमचे पाणी सुटून गेले ते बहुतेक पिशवीतच राहिल्यामुळे.

मेथी-पालक आणल्या-आणल्या जुडीची दोरी सोडा. दोरीखालीच आधी सडतं. धुऊ नका, ओली असेल तर पंख्याखाली पसरा, पिवळी पानं काढा, मग सुती फडकं ओलं करून घट्ट पिळून त्यात सैल गुंडाळा आणि माठाला टेकवून ठेवा. फडक्यातून पाणी ठिबकत असेल तर ते जास्त ओलं आहे, पान चिकट होतं. सांबार मुळासकट घ्या, पेल्यात दोन बोटं पाणी घालून मुळं बुडवा, पाणी रोज बदला. हिरव्या मिरचीचे देठ काढून, कोरड्या कागदात. पाव किलो मिरची दोघांना दोन आठवड्यांची आहे, अदपावच (सव्वाशे ग्रॅम) घ्या.

आलू आणि कांदे एका टोपलीत ठेवू नका. एकमेकांच्या संगतीने आलूला कोंब येतो आणि कांदा ओलसर होतो. आलू अंधारात ठेवा. उजेडात हिरवा पडला की तो भाग खोल कापून टाकायचा, फारच हिरवा असेल तर आलूच टाकायचा.

अंडी थंडीत आठवडाभर चालतात, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा खोलीत दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका. शंका आली तर पाण्यात टाकून बघा, वर तरंगलं तर फेकून द्या.

---

बाजार_उठताना

भाऊ, सकाळच्या बाजारात कायले जाता? संध्याकाळी बाजार उठाच्या टायमाले जा, निम्म्या भावात भेटते सगळं.

---

माठातली_भाजी

दादा, सगळं नाही भेटत. विकणाऱ्याला जे परत नेणं परवडत नाही तेच तो सोडतो. पालेभाजी, लाल भेदरे, काकडी, सांबार, फुलकोबी यांचे भाव संध्याकाळी पडतात. आलू, कांदे, लसण, कोहळं तो पुढच्या गावच्या बाजाराला नेतो, त्यात एक रुपया सोडत नाही. म्हणून संध्याकाळी गेलं तरी भाव याच चार-पाच वस्तूंवर करायचा. आणि उन्हाळ्यात पालेभाजीसाठी हे चालत नाही. दिवसभर उन्हात पाणी शिंपडून ठेवलेली जुडी रात्रीतच चिकट होते, निम्मा भाव देऊन निम्मी फेकावी लागते. थंडीत आणि पावसाळ्यात मात्र जरूर जा.

पाव किलोचा भाव ऐकून पाव किलो घेऊ नका. "पंधरा रुपये पाव" म्हणजे साठ रुपये किलो. "किलोभर घेतलं तर काय लावता?" असं विचारा, पंचेचाळीस-पन्नासवर येतो. किलोभर नको असेल तर शेजारच्या खोलीसोबत वाटून घ्या. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर माल ठेवायच्या आधी शून्य दिसतंय का बघा. हाताच्या तराजूत वजनाच्या जागी दगड असेल तर तिथे घेऊच नका.

---

रेशन_पावती

तुमच्यापैकी कोणाचं नाव घरच्या रेशन कार्डावर आहे का ते आधी बघा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य आहे, अंत्योदय असेल तर कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांना वाटतं की धान्य गावीच मिळेल. तसं नाही. वन नेशन वन रेशन कार्डमुळे कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून उचलता येतं, आणि सगळ्या कुटुंबाचं एकदम उचलायची गरज नाही. तुम्ही तुमच्या वाट्याचं 5 किलो तालुक्याला उचला, बाकीचं घरचे गावी उचलतील.

अडतं ते इथे: कार्डावर तुमचं आधार जोडलेलं नसतं, किंवा ई-केवायसी (अंगठा लावून ओळख पटवणं) राहिलेली असते. ई-केवायसी प्रत्येक माणसाची वेगळी असते, कुटुंबप्रमुखाची झाली म्हणजे तुमची झाली असं नाही. दुकानातल्या मशीनवर अंगठा देऊन होते. दुसरं अडतं ते घरच्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्यांचं उचललेलं असतं. मग मशीनवर तुमच्या नावाने काही शिल्लक दिसत नाही आणि दुकानदाराशी भांडण होतं. घरी फोन करून आधी ठरवा.

कार्ड केशरी शेतकरी असेल तर अमरावतीसह 14 जिल्ह्यांत 2023 पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. मग दुकानात जाऊन उपयोग नाही, घरच्यांना खात्याचं विचारा.

रेशनच्या तांदळात कधी-कधी काही दाणे रंगाने वेगळे, जरा गुळगुळीत दिसतात. पोरं ते प्लास्टिकचे म्हणून वेचून फेकतात. ते पोषणतत्त्वं मिसळलेले दाणे आहेत, शंभराला एक या प्रमाणात. फेकू नका, तांदूळ एक-दोनदाच धुवा आणि मोजक्या पाण्यात शिजवा.

---

खोली_नंबर_चार

खूप उपयोगाचं सांगितलं, धन्यवाद. कार्डावर माझं नाव आहे, ई-केवायसीचं घरी विचारतो. एक अडचण राहिली. इथल्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजतच नाही. आठ-दहा शिट्ट्या केल्या तरी डाळ वेगळी, पाणी वेगळं. सिलिंडर त्यातच जातं.

---

तराजू_काटा

खाऱ्या-जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळीचा दाणा घट्ट राहतो. त्याला शिट्ट्या हा उपाय नाही. पिण्यासाठी कॅन आणत असालच, त्यातलं लिटरभर फक्त डाळीसाठी वापरा. वाटीभर डाळीला तीन वाट्या पाणी. धुवायला बोअरचं चालेल, पण भिजवायला आणि शिजवायला कॅनचं. अर्धा-पाऊण तास भिजवा, हरभरे-बरबटी असेल तर रात्रभर. चिंच, भेदरे डाळ मऊ होईपर्यंत घालू नका. आंबट आधी पडलं तर चांगल्या पाण्यातही डाळ कडक राहते.

कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, आठ-दहा मिनिटं ठेवा, बंद करा, वाफ आपोआप जिरू द्या. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं की गॅस वाफेबरोबर उडून जातो, आतलं तापमान त्याने वाढत नाही. तीन लिटरच्या कुकरात खाली डाळ आणि वर डब्यात तांदूळ एकदम होतात. डब्यावर झाकण ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी भातात पडून भात चिकट होतो. हे सगळं करूनही डाळ शिजली नाही तर ती जुनी आहे, दुकान बदला.

---

झाडीपट्टीची_ताई

थंडी सरत आली आहे, म्हणून हे आत्ताच सांगते. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत जे वाळवाल ते जून-जुलैला, भाजीचे भाव चढतात तेव्हा, कामी येईल. दोघा पोरांना जमेल असं हे काम आहे, छत किंवा अंगण आणि एक बाज पाहिजे.

भेदरे ढिगाने उतरतात त्या आठवड्यात पाच किलो घ्या. कडक, गरवाळ भेदरे निवडा, रसाळ नको. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. त्याहून पातळ केल्या तर कापडाला चिकटतात, जाड केल्या तर मधे बुरशी धरते. किलोला दोन सपाट चमचे मीठ भुरभुरून बाजेवर सुती लुगडं अंथरून त्यावर एकेक पसरा, वरून जुनी मच्छरदाणी. प्लास्टिकवर वाळवू नका, खालची बाजू ओली राहते. दुपारी एकदा उलटा. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या, हे एक दिवस चुकलं तरी काळं पडतं. ऊन कडक असेल तर तीन-चार दिवस. चकती वाकते तोवर झालेली नाही, मोडली की झाली. भेदऱ्यात जवळपास 94 टक्के पाणीच असतं, त्यामुळे किलोचे साठ-सत्तर ग्रॅम होतील, घाबरू नका. उन्हातून काढून लगेच बरणीत भरू नका, तासभर सावलीत थंड करा. नाहीतर बरणीच्या आतून घाम धरतो आणि आठ दिवसांत पांढरी बुरशी येते. वरणाला सहा-सात चकत्या पुरतात.

वांग्याच्या फोडी कापल्या-कापल्या मिठाच्या पाण्यात टाका, मग निथळून वाळवा. आमच्याकडे याला खुला म्हणतात. हरभऱ्याची कोवळी भाजी मात्र सावलीतच वाळवायची, उन्हात रंग आणि आंबटपणा दोन्ही जातात. मूठभर वाळलेल्या भाजीला दोन चमचे बेसन लावलं की दोघांचं एका वेळचं कालवण होतं.

तिखटाच्या पुड्याही याच महिन्या-दीड महिन्यात बंद करता येतात. बाजारात नवीन लाल मिरची येते. दोघांना वर्षाला तीनेक किलो पुरते. देठ काढून दोन ऊन्हं द्या, दांडा कडकन मोडला की कांडून आणा. बरणीत हिंगाचे दोन-तीन खडे टाका आणि ओला चमचा घालू नका.

---

खोली_नंबर_चार

ताई, बाज आणि मच्छरदाणी दोन्ही आहेत, येत्या रविवारी भेदरे करून बघतो. मार्च-एप्रिलला घरून गहू आणि तूर दोन्ही आणता येईल. खोलीत एकदम किती आणावी? कीड लागते ना?

---

तराजू_काटा

दोघांना महिन्याला रेशनचं धरून वीस-बावीस किलो धान्य लागेल. खोलीत जागा असेल तर गहू 60-70 किलो आणा, पावसाळा निघेल. तूर अख्खी आणू नका, गावातच डाळ करून आणा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली मिनी डाळ मिल बऱ्याच गावांत बचत गटांकडे आहे. दहा किलो तुरीची सात-साडेसात किलो डाळ पडते. त्याहून बरीच कमी आली तर तूर बारीक किंवा ओली होती. चुणी-कोंडा घरी ढोरांसाठी ठेवा.

कीड येते ती ओलाव्यामुळे. दाणा दाताखाली कट् आवाज करून फुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्या. दोन-तीन कडक उन्हं दाखवा, पण ऊन दिल्यावर रात्रभर पसरून थंड करा, मगच पिंपात भरा. तळाला, मधे आणि वर कडुनिंबाचा सावलीत वाळलेला पाला. ओला पाला टाकाल तर तिथूनच बुरशी सुरू होते. पिंप काठोकाठ भरा, वर रिकामी जागा राहिली की सोंडे तिथेच वाढतात. आणि पिंप जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली दोन विटा द्या. रोज त्यातून काढू नका. महिन्याचं एकदाच काढून वेगळ्या डब्यात ठेवा, आणि पावसाची झड लागली असेल त्या दिवशी झाकण उघडूच नका.